पहिली दुर्बीण : डोळ्यासाठीं कीं छायाचित्रासाठीं ?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यांत दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन शास्त्रशाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला. वडील शेतकरी. त्या वर्षीं कांद्याची पट्टी बरी आली होती, आणि मुलास मिळालेली शिष्यवृत्तीची रक्कम तींत मिळवून त्याला एक दुर्बीण घेऊन द्यावी असें त्यांनीं मनांत आणिलें होतें. मुलाच्या हातांतील मोबाइलवर मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचें एक छायाचित्र होतें. गुलाबी, जांभळे व निळे रंग एकमेकांत मिसळून गेलेले. “सर, असा फोटो काढता येईल अशी दुर्बीण पाहिजे,” मुलगा म्हणाला. त्याच्या मागून वडिलांनीं हळूच पुस्ती जोडली, “एकदाच घेणं होईल, सर. दुसऱ्यांदा जमायचं नाही.”

हा प्रश्न दर वर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, आणि आम्हीहि एका वर्गावरून दुसऱ्या वर्गावर जातांना कांहीं तरी उत्तर देऊन मोकळे होतों. परंतु वडिलांच्या त्या एका वाक्यामुळें या वेळीं तसें करवेना. आम्हीं त्यांस बसावयास सांगितलें व आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जें टांचण तयार झालें, त्याचाच हा विस्तार होय.

मुदत मागण्याचें आणखी एक कारण होतें, व तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पदवी घेऊन नोकरीस लागल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारांतून आम्हीं स्वतः एका मोठ्या शहरांतील दुकानांतून दुर्बीण आणली होती. खोक्यावर “५२५ पट” अशीं ठळक अक्षरें होतीं व शनीचें एक सुबक चित्र होतें. प्रत्यक्षांत भिंगाचा व्यास होता ६० मिलिमीटर, आणि तिपाई अशी कीं, पाहणाऱ्यानें श्वास सोडला तरी चंद्र नाचूं लागे. ५२५ पटींवर तर चंद्राचा एक धूसर पांढरा डागच काय तो दिसे, आणि तोहि पाहतां पाहतां दृष्टीबाहेर निघून जाई. एका हिंवाळ्यानंतर ती दुर्बीण खोक्यांत गेली. पुढच्या पावसाळ्यांत तिच्या भिंगावर बुरशी चढली. पैसे गेले याचें दुःख झालेंच. पण त्याहून मोठी हानि ही कीं, आकाशाकडे पाहणें आपल्याला साधणारें नव्हे असा चुकीचा समज आम्हीं पुढें कित्येक वर्षें बाळगला. दोष आकाशाचाहि नव्हता व आमच्या डोळ्यांचाहि नव्हता. आम्हीं चुकीच्या आंकड्यावर विश्वास ठेविला होता.

तेव्हां प्रथम त्या आंकड्याचाच समाचार घेऊं. दुर्बिणीचें मुख्य काम वस्तु मोठी करून दाखविणें हें नसून प्रकाश गोळा करणें हें आहे. अंधारांत तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर रुंद होते (आमच्या वयास ती याहून कमीच). ६० मिलिमीटर व्यासाचें भिंग त्या बाहुलीच्या सुमारें ७३ पट प्रकाश घेतें. १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची, आरसा सुमारें ४६० पट घेतो. व्यास अडीच पट झाला तर प्रकाश सवा सहा पट होतो, कारण तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पावसांत एक वाटी व एक परात शेजारीं शेजारीं ठेवून पाहा; नियम तोच. बारीक तपशील वेगळा करून दाखविण्याची शक्तिहि व्यासावरच अवलंबून असते. दुर्बिणीच्या तोंडाशीं असणाऱ्या भिंगाचा किंवा तळाशीं असणाऱ्या आरशाचा हा व्यास हाच खरेदीच्या वेळीं विचारावयाचा पहिला आंकडा.

पट काढण्याचें गणित सहावीच्या विद्यार्थ्यासहि येईल. मुख्य भिंगापासून प्रतिमा जेथें एकवटते तेथपर्यंतचें अंतर म्हणजे नाभ्यंतर. त्यास नेत्रभिंगाच्या नाभ्यंतरानें भागिलें कीं पट निघाली. नाभ्यंतर १२०० मिलिमीटर व नेत्रभिंग २५ मिलिमीटरचें असेल तर ४८ पट; तेथेंच १० मिलिमीटरचें लावलें तर १२० पट. आमच्या त्या दुर्बिणीचें नाभ्यंतर ७०० होतें; तिला ४ मिलिमीटरचें नेत्रभिंग व मध्यें प्रतिमा तिप्पट करणारें एक भिंग घातलें कीं ५२५ पट होते. म्हणजे दुकानदार गणितांत खोटें बोलला नव्हता. परंतु व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरास फार तर दोन पट एवढीच उपयोगी मर्यादा आहे. ६० मिलिमीटरला १२० पटींपलीकडे गेल्यास प्रतिमा मोठी होते, पण तींत नवें कांहीं दिसत नाहीं. उलट ती अंधुक होत जाते. भाजींत पाणी घालून ती वाढवावी त्यांतलाच हा प्रकार. शिवाय आपल्या डोक्यावरील हवा स्थिर नसते; चांगल्या मोठ्या दुर्बिणीसहि बहुतेक रात्रीं दोनशें-अडीचशें पटींवर समाधान मानावें लागतें. गॅलिलिओनें १६१० च्या जानेवारींत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारें वीस पटींच्या नळींतून, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां भिंग घ्यावें कीं आरसा ? भिंगाच्या स्वस्त दुर्बिणींत तेजस्वी वस्तूंच्या कडेला जांभळट झालर दिसते, कारण कांच निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणीं एकवटविते. न्यूटननें १६६८ सालीं पहिली आरशाची दुर्बीण केली ती याच दोषाला कंटाळून. आरशास रंगदोष नाहीं, आणि मोठा आरसा करणें मोठ्या भिंगाहून पुष्कळच स्वस्त पडतें. आपल्या प्रांताशींहि आरशाच्या एका मोठ्या दुर्बिणीचा संबंध आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत प्रो. कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं वीस इंची आरशाची दुर्बीण वापरली. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनाल येथें गेली.

आरशाच्या दुर्बिणींतहि फसगतीची एक जागा आहे. कांहीं स्वस्त दुर्बिणींची नळी जेमतेम दीड हात लांब असते आणि वर छापलेलें नाभ्यंतर मात्र १००० मिलिमीटर. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणींत, म्हणजे जिचें नेत्रभिंग नळीच्या वरच्या टोकास बाजूला असतें तींत, नळीची लांबी साधारणपणें नाभ्यंतराइतकीच असावयास पाहिजे. ती अर्धीच असेल तर आंत कोठें तरी एक जोडभिंग बसवून लांबी वाढविलेली आहे असें समजावें. असें भिंग स्वस्तांत नीट साधत नाहीं व प्रतिमा कधींच रेखीव होत नाहीं. दुकानांत फूटपट्टी घेऊन जाण्यास लाजूं नये.

दुर्बीण कितीहि चांगली असली तरी ती ज्यावर ठेवावयाची ती बैठक डळमळीत असेल तर सर्व फुकट. या बाबतींत आम्हां सर्वांवर जॉन डॉब्सन नांवाच्या एका माणसाचे मोठे उपकार आहेत. हा १९१५ सालीं चीनमध्यें पेकिंग येथें जन्मला; त्याचे मातामह तेथें मिशनरी होते. पुढें अमेरिकेंत तो रामकृष्ण संप्रदायाच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील मठांत संन्यासी झाला. जवळ पैसा नाहीं, म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड कांचा घासून तो आरसे तयार करी, आणि पुठ्ठ्याच्या नळींत बसवून लाकडी पेटीवर ठेवी. दुर्बिणींच्या या नादामुळें १९६७ सालीं त्याला मठ सोडावा लागला. त्यानंतर तो रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यास चंद्र व शनि दाखवीत राहिला. त्याची ती पेटी हीच आज “डॉब्सोनियन” या नांवानें जगभर प्रसिद्ध असलेली बैठक. तिला दांतेरी चाकें नाहींत, मोटार नाहीं, तिपाई नाहीं. प्लायवुडची पेटी जमिनीलगत गोल फिरते, नळी वरखालीं होते, आणि घासणाऱ्या जागीं बसविलेल्या टेफ्लॉनच्या तुकड्यांमुळें बोटानें ढकललें कीं सरकते व बोट काढलें कीं थांबते. सर्व पैसा आरशांत जातो. डोळ्यानें पाहणाऱ्या नवशिक्यास सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियनसारखी दुसरी दुर्बीण नाहीं, हें आमचें स्पष्ट मत आहे.

तर मग त्या मुलास तीच घे असें सांगून मोकळें कां होऊं नये ? कारण त्याला पाहावयाचें नव्हतें, त्याला छायाचित्र काढावयाचें होतें; आणि या दोन गोष्टी आपण समजतों तितक्या जवळच्या नाहींत.

मृगांतील तो तेजोमेघ सहा इंची दुर्बिणींतून पाहिला तर काय दिसतें ? मध्यें चार तारे अगदीं जवळ जवळ, आणि त्यांच्याभोंवतीं पंख पसरावे तसा करड्या, किंचित् हिरवट प्रकाशाचा एक पातळ पडदा. गुलाबी रंग मुळींच दिसत नाहीं. मंद प्रकाशांत आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहींत, आणि डोळा क्षणाक्षणास जुनें पुसून नवें पाहतो. कॅमेरा मिनिटेंच्या मिनिटें प्रकाश सांठवितो. मोबाइलवरील तें चित्र बहुधा अनेक तासांच्या सांठवणीचें असेल. ही गोष्ट आधीं सांगितली नाहीं तर मुलाची पहिल्याच रात्रीं निराशा होते, व दोष दुर्बिणीच्या माथीं येतो. ज्याला आधीं सांगितलेलें असतें तो मात्र तो करडा पडदा पाहून गप्प होतो. कारण सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं निघालेला तो प्रकाश मध्यें कोणतेंहि यंत्र वा पडदा न येतां थेट त्याच्या डोळ्यांत शिरत असतो. ईयोबाच्या ग्रंथांत कृत्तिका व मृगशीर्ष यांचा उल्लेख आहे हें आमचे विद्यार्थी जाणतातच; त्या ग्रंथकारास जें नुसत्या डोळ्यांनीं दिसलें त्याच्या पोटांत हें दडलेलें होतें.

प्रकाश सांठवावयाचा म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर रोखून धरली पाहिजे, आणि पृथ्वी तर थांबत नाहीं. आकाश ताशीं १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला, या गतीनें सरकतें. १२०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीस नेहमींचा कॅमेरा लावला तर एका सेकंदांत तारा चित्राच्या वीसएक बिंदूंवरून ओढला जातो; टिंबाऐवजीं रेघ उठते. मग डॉब्सोनियन पेटीला मोटार बसवून ती ताऱ्याच्या मागें फिरवावी, तर तेवढ्यानेंहि भागत नाहीं. याचें कारण विद्यार्थ्यांनीं मृगाकडे पाहूनच समजून घ्यावें. पूर्वेस मृग उगवतो तेव्हां त्याच्या पोटांतील बाणाचे तीन तारे जवळजवळ उभ्या रेषेंत असतात. तोच मृग पश्चिमेस मावळतांना पाहा, बाण आडवा कललेला दिसेल. म्हणजे आकाश नुसतें सरकत नाहीं, तें आपल्या दृष्टीसमोर फिरतेंहि. वरखालीं व डावीउजवीकडे हलणारी बैठक ताऱ्याच्या मागें गेली तरी कॅमेरा क्षितिजाशीं सरळच राहतो, आणि चित्राच्या कडेचे तारे मधल्या ताऱ्याभोंवतीं कंस काढूं लागतात.

यावर उपाय म्हणजे विषुववृत्तीय बैठक. हिचा एक आंस थेट ध्रुवाकडे, म्हणजे पृथ्वीच्या आंसाशीं समांतर, रोखलेला असतो. तेवढा एकच आंस पृथ्वीच्या उलट दिशेनें, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीनें, फिरविला कीं आकाश जणूं थांबतें. वाचावयास हें सोपें आहे. करतांना मात्र लहानशा चुका मोठ्या होतात. आपल्याकडे तर एक खास अडचण आहे, व ती परदेशीं लिहिलेल्या पुस्तकांत सहसा सांगितलेली नसते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. आमचें गांव सुमारें १९ अंशांवर आहे. हात ताठ करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या तर जेवढी उंची होते तेवढ्यावरच आपला ध्रुव. इतक्या खालीं तो धुळींत, झाडांत किंवा शेजारच्या माळवदामागें लपतो. शिवाय कित्येक बैठका ४०-५० अंशांवरील देशांचा विचार करून घडविलेल्या असतात. आंस १९ अंशांपर्यंत खालीं वांकविला कीं प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायावर आदळतो. तेव्हां बैठक घेण्यापूर्वीं ती कोणत्या अक्षांशांपर्यंत चालते हें विचारून घ्यावें, आणि शक्य तर दुकानांतच आंस खालीं करून पाहावा. ध्रुवताराहि खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. नुसता तो तारा मध्यभागीं आणल्यानें लांब सांठवणीचें काम भागत नाहीं.

(या अक्षांशाचे फायदेहि आहेत, ते न सांगणें कृतघ्नपणा होईल. ग्रह आपल्या डोक्यावरून जातात, युरोपांतल्याप्रमाणें क्षितिजाच्या धुरांतून नव्हे. अगस्त्य आपणांस सहज दिसतो. दक्षिणेस अगदीं खालीं नरतुरंगांतील मित्र हा तारा दिसतो. तो जोडतारा आहे हा शोध फादर रिशो या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यानें १६८९ च्या डिसेंबरांत पाँडिचेरी येथें एक धूमकेतु पाहतां पाहतां लावला.)

छायाचित्र काढणाऱ्यानें आपल्या रकमेंतील निदान अर्धा भाग बैठकीवर खर्च करावा, आणि बैठकीची जी वजन पेलण्याची मर्यादा छापलेली असेल तिच्या निम्म्याहून अधिक ओझें तीवर घालूं नये. मग दुर्बिणीसाठीं थोडेंच उरतें. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल : छायाचित्रासाठीं लहान दुर्बीणच पुष्कळदां अधिक सोयीची. नेहमींच्या कॅमेऱ्याची प्रकाशग्राही पाटी सुमारें २४ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीनें आकाशाचा एक अंशाहून थोडा अधिक रुंद तुकडा मावतो. पंचवीस लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेली देवयानींतील दीर्घिका तर आकाशांत सुमारें तीन अंश पसरली आहे, म्हणजे सहा चंद्र ओळीनें मांडावे तेवढी ! ती ४०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या, ६०-७० मिलिमीटर व्यासाच्या लहान भिंगी दुर्बिणींत पुरी बसते. शिवाय ती हलकी असल्यानें बैठकीस तिचा भार होत नाहीं, आणि नाभ्यंतर कमी म्हणून बैठकीच्या चुकाहि झांकल्या जातात. डोळ्यास जी दुर्बीण अपुरी ती कॅमेऱ्यास पुरेशी, आणि डोळ्यास जी उत्तम ती कॅमेऱ्यास निरुपयोगी, अशी ही विलक्षण स्थिति आहे. “दोहोंस चालेल” असें सांगून जी एकच दुर्बीण मधल्या किंमतींत विकली जाते, ती बहुधा दोहोंसहि चालत नाहीं.

चंद्र व ग्रह मात्र या नियमांस अपवाद होत. ते इतके तेजस्वी आहेत कीं, सेकंदाचा अल्पसा भाग पुरतो. डॉब्सोनियनच्या नेत्रभिंगाशीं मोबाइल धरूनहि चंद्राचें उत्तम छायाचित्र निघतें. मोबाइल हातानें धरण्याऐवजीं साध्या पकडीनें नेत्रभिंगास बसवावा, एवढेंच.

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे. वहींत मावेल एवढें भिंग, आंतच कॅमेरा, आंतच संगणक. मोबाइलवर नांव निवडलें कीं यंत्र स्वतः तो तेजोमेघ शोधतें, लहान लहान सांठवणी एकावर एक रचतें, आणि पंधरा मिनिटांत रंगीत चित्र हातीं देतें. शहराच्या उजेडांतहि हें यंत्र चांगलें काम करतें, व ज्यांना प्रकृतीमुळें अंधारांत उभें राहणें शक्य नाहीं त्यांना तें वरदानच आहे. तरी शाळेंतील मुलानें आरंभ त्यापासून करूं नये असें आम्हांस वाटतें. त्यास डोळा लावावयाची जागाच नसते. मृग कोठें आहे हें न कळतां मृगाचें चित्र मिळतें. आमचें हें मत जुन्या वळणाचें आहे असें आमचे तरुण सहकारी म्हणतात, म्हणोत बापडे.

कोणतीहि दुर्बीण घेण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. एक, ज्यांच्याजवळ दुर्बिणी आहेत अशांबरोबर एक रात्र काढावी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें काम करीत आहे, मुंबईंत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाच्या रात्रीं चार प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावावयास मिळतो व पुष्कळ मोह आपोआप गळून पडतात. दुसरी, १० × ५० ची द्विनेत्री दुर्बीण घ्यावी. दहा पट, ५० मिलिमीटर व्यास. भिंतीला किंवा झाडाला हात टेकवून पाहिलें तर तींतून गुरूचे चंद्र दिसतात, कृत्तिकांतील कित्येक तारे दिसतात, देवयानींतील दीर्घिका कापसाच्या पुंजक्यासारखी दिसते. पुढें मोठी दुर्बीण आली तरी ही अडगळींत जात नाहीं, आणि आवड टिकली नाहीं तर शेतावर पाखरें पाहण्यास उपयोगीं पडते.

शनीविषयीं एक सूचना. २०२५ सालच्या मार्चांत शनीचें कडें आपणांस अगदीं कडेवरून दिसण्याच्या स्थितींत आलें व जवळजवळ नाहींसें झालें. त्यानंतर तें हळूहळू रुंदावत जात असून २०३२ च्या सुमारास पुरतें उघडेल. या पहिल्या वर्षांत तें सुईसारखें बारीक दिसलें तर दुकानदाराशीं भांडण्यास जाऊं नये.

सूर्याविषयीं जी सूचना करावयाची ती मात्र आम्ही आज्ञा म्हणून करतों. दुर्बीण मुळींच सूर्याकडे वळवूं नये; नळीच्या तोंडावर, पुढल्या बाजूस, त्याच कामासाठीं तयार केलेलें गाळणें घट्ट बसविलें असेल तरच वळवावी. स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रभिंगांत फिरवून बसविण्याची एक लहान काळी कांच येते. ती उन्हाच्या एकवटलेल्या उष्णतेनें तडकते, आणि त्या क्षणीं डोळा तेथें असेल तर तो कायमचा जातो. ती कांच घरीं आल्याबरोबर फोडून टाकावी.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश नसतेंच, आणि याच महिन्यांत भिंगें मरतात. दमट अंधारांत कापडी पिशवींत ठेवलेल्या कांचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, व ती एकदां कांचेवरील लेपांत शिरली कीं निघत नाहीं. नेत्रभिंगें व कॅमेऱ्याचीं भिंगें हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीं. पुड्या महिन्यानें तव्यावर मंद आंचेवर सुकवून पुन्हां वापराव्या. नळी डब्यांत मावत नाहीं. तिचीं तोंडें झांकून ती घरांतील कोरड्या, हवेशीर खोलींत ठेवावी, आणि मधून मधून उघडीप पडेल तेव्हां झांकणें काढून वारा द्यावा. आरसा वारंवार पुसण्याची हौस धरूं नये. थोड्या धुळीनें कांहीं बिघडत नाहीं, पुसण्यानें मात्र ओरखडे पडतात.

आठ दिवसांनीं बापलेक पुन्हां आले, तेव्हां आम्हीं टांचणांतील हें सर्व त्यांच्यापुढें मांडिलें, आणि त्या रकमेंत त्या छायाचित्रासारखें छायाचित्र निघणार नाहीं हेंहि आडपडदा न ठेवतां सांगितलें. मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र, आम्हांस वाटलें होतें तसे, नाराज झाले नाहींत, त्यांनीं फक्त विचारलें, “मग अर्ध्या पैशांत काय होईल?” या प्रश्नानें आमचें काम पुष्कळ सोपें केलें.

अर्ध्या पैशांत १० × ५० ची द्विनेत्री व, आमच्या ओळखीनें, एका गृहस्थांनीं वापरलेली सहा इंची डॉब्सोनियन आली. हिंवाळाभर ती त्यांच्या खळ्यावर मांडिली जाई. आरसा हवेइतका थंड व्हावा म्हणून मुलगा ती जेवणापूर्वींच बाहेर काढून ठेवी. फेब्रुवारींत अमावास्येच्या सुमारास आम्हीं शास्त्रशाळेचा कॅमेरा व त्याचें ५० मिलिमीटरचें भिंग घेऊन तेथें गेलों. दुर्बीण बाजूला ठेविली. कॅमेरा साध्या तिपाईवर मृगाकडे रोखून चार चार सेकंदांच्या अडीचशें सांठवणी घेतल्या. चार सेकंदांत तारे फारसे ओढले जात नाहींत, आणि बैठक फिरत नसल्यामुळें दर थोड्या वेळानें कॅमेरा सरकवून मृग पुन्हां मध्यें आणावा लागे. मग मोफत मिळणाऱ्या एका प्रणालीनें त्या संगणकावर एकमेकींवर बसविल्या. शंभर चित्रें अशीं मिळविलीं कीं चित्रांतील खरखर एका चित्राच्या मानानें दहाव्या हिश्शावर येते, हें आम्हीं फळ्यावर सांगत आलों होतों. तें डोळ्यांदेखत घडतांना पाहण्याची आमचीहि ती पहिलीच वेळ. काळ्या पार्श्वभूमीवर बाणाचे तीन तारे उमटले, आणि त्यांच्या खालीं, ज्वारीच्या दाण्याएवढा, एक गुलाबी ठिपका.

तें चित्र सध्यां शास्त्रशाळेंत दाराच्या उजव्या हातास लावलेलें आहे. उरलेली अर्धी रक्कम वडिलांनीं पोस्टांत ठेविली आहे. ती विषुववृत्तीय बैठकीस लागावी कीं पुढील शिक्षणाच्या फीस, याचा निर्णय घरांत अद्याप झालेला नाहीं.